बाटल्या आणणाऱ्यासाठी टाळ्या

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. आधी एक छोटी वैयक्तिक शर्यत, मग चार टप्पे. एकूण ४३७ किलोमीटर.

टप्प्यांच्या शर्यतीत सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. १९९० साली ग्रेग लेमाँडने एकही टप्पा न जिंकता ‘टूर द फ्रान्स’ जिंकली! पण तो विजय एकट्याचा नसतो. संघातले काही जण पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात. त्यांना ‘डोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे सेवक.

माझे बाबा कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये आहेत. आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून आता त्याचं नाव विजय दुर्ग झालं आहे. बाबांचं काम रसद पुरवठ्याचं. मित्र विचारतात, “तुझे बाबा लढाईत काय करतात?” मी हे बाबांना सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “जेवण वेळेवर पोहोचवतो.”

डोमेस्तिकांबद्दल वाचल्यापासून मीही हेच उत्तर ताठ मानेने देतो.

कधी अशी शर्यत बघायला गेलात, तर नीट बघा. चढावर पहिल्यासाठी टाळ्या वाजवाच. पण जर्सीत बाटल्या कोंबून मागून वर येणाऱ्यासाठीही थांबा. त्याच्यासाठी जरा जोरात वाजवा.