फ्रायबुर्गचे ते बाकडे

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, ‘काळे अरण्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ वनराईच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग हे शहर वसले आहे. तेथील विद्यापीठ १४५७ साली स्थापन झाले. शिक्षणानिमित्त मी दोन वर्षे तेथे होतो. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी परतल्यावर लोक कौतुकाने विचारतात, “तिकडे काय काय पाहिलेस?” मग मी महामंदिराच्या ११६ मीटर उंच मनोऱ्याविषयी सांगतो. २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री बाँबवर्षावाने भोवतालची वस्ती जमीनदोस्त झाली, तरी तो मनोरा उभाच राहिला. रस्त्यांच्या कडेने झुळझुळणाऱ्या चिमुकल्या पाटांविषयीही सांगतो. परक्या माणसाचा पाय चुकून त्यात पडला, तर त्याचे लग्न फ्रायबुर्गकराशीच होते, अशी तेथे समजूत आहे. माझा पाय दोनदा पडला. पण मी आलो तसाच परतलो!

परंतु जे ठिकाण मला सर्वांत आधी आठवते, त्याचे नाव घेताना आजही जीभ अडखळते. कारण ते बिअरचे घर होते.

आमच्या घरात दारू हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. काकांचे शेत तिच्यापायी गेले होते. मी निघालो तेव्हा आईने माझा हात हातात घेऊन एवढेच म्हटले होते, “त्या उंबरठ्यावर पाय ठेवू नकोस, बाळा.”

गर्बराऊ नावाच्या जुन्या गल्लीत, जेथून एक कालवा वाहतो आणि त्याच्या पाण्यातून एक दगडी मगर तोंड वर काढून पाहते, तेथे फायरलिंग घराण्याची ही बिअरशाळा १९८९ पासून आहे. एका शुक्रवारी सहाध्यायांबरोबर मी भीत भीतच आत गेलो. अंधारी कोंदट जागा असेल, अशी माझी कल्पना. पाहतो तो तांब्याची लखलखीत भांडी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोरच मांडलेली! मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात मुरवायचे, तो गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळायचा, निववून त्यात यीस्ट घालायचे आणि आंबू द्यायचा, हे सारे मला तेथेच कळले. बिअर न गाळताच देत, म्हणून ती किंचित गढूळ दिसे. मी एक पेला घेतला. वचन मोडले, हे लपवीत नाही.

उन्हाळ्यात गल्लीपलीकडच्या बागेत, चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकडी मांडलेली असत. “ही जागा मोकळी आहे का?” एवढे विचारून कोणीही कोणाशेजारी बसावे. प्राध्यापक, विद्यार्थी, बाबागाडीतील तान्हुल्यासह आईबाप, सारे एकाच फळीवर. तिकडे दारूने संसार बुडत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. मध्यरात्री भिंतीला धरून चालणारे तरुण मीही पाहिले आहेत.

आमच्या शेजारच्या बाकावर एक आजोबा आपल्या जुन्या सोबत्यांसह बसत. इतरांपुढे बिअर, त्यांच्यापुढे सफरचंदाचा रस व सोडा. पुष्कळ वर्षांपूर्वी दारूने त्यांना पार खाली आणले होते, मग त्यांनी ती सोडली, असे त्यांनीच एकदा मोकळेपणाने सांगितले. त्यांना कोणी आग्रह करीत नसे, कोणी हसतही नसे. न विचारता त्यांचा पेला त्यांच्यापुढे येई. सर्वांनाच असे बाकावर बसून निभावता येत नाही, दूर राहण्यातच कित्येकांचे कल्याण असते, हेही त्यांनीच सांगितले.

त्या रात्री मला काकांची आठवण झाली. त्यांनीही दोनदा दारू सोडली होती. पण जुने सोबती थट्टा करू लागले, आणि आम्ही घरच्यांनी तर त्यांना कधी ओसरीवर बोलावलेच नव्हते. आपल्याकडे दारू सोडणाऱ्याला दारूबरोबर माणसेही सोडावी लागतात. मग एकटेपण सोसवेनासे झाले, की तो पुन्हा गुत्त्याची वाट धरतो.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर योहानच्या शुभवर्तमानातील, सत्य माणसाला मुक्त करते अशा आशयाचे वचन सोनेरी अक्षरांत कोरले आहे. त्याखालून मी रोज जात होतो, आणि शुक्रवारची संध्याकाळ कोठे घालवतो हे मात्र आईपासून लपवीत होतो! अखेर सर्व काही लिहून कळवले; आजोबांविषयीही लिहिले. रागाचे उत्तर येईल, अशी माझी खात्री होती. आईने लिहिले, “तू वचन मोडलेस, त्याचे मला दुःख झाले. पण त्या आजोबांजवळ बसत जा. ते पितात तेच पी.”

उरलेले वर्षभर मी तेच केले. बाकड्याची गोडी तसूभरही कमी झाली नाही.

परत आलो तेव्हा ओसरीवर एक नवे बाकडे दिसले. आईने सुताराकडून करवून घेतले होते. रविवारी मिस्सा आटोपली, की ती काकांना हाक मारते आणि न विचारता कोकम सरबताचा पेला त्यांच्यापुढे ठेवते. काका कधी येतात, कधी येत नाहीत. पेला मात्र दर रविवारी भरलेला असतो.