सांगली : पेठ, पेव आणि अडतिसावे पोते

नांद्रे स्टेशन मागे पडले, तसे अण्णा आपल्या जागेवरून उठून गाडीच्या दारापाशी येऊन उभे राहिले. सांगली यायला अजून काही मिनिटे होती. पण चाळीस वर्षांपूर्वीही ते येथेच उठत असत. 1984 साली याच मार्गाने एक पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन ते पुण्याला गेले. तेथे मार्केट यार्डात त्यांनी भुसार मालाचे दुकान थाटले, वाढवले आणि आता मुलांच्या हाती सोपवले. मधल्या काळात सांगलीवरून जाणे अनेकदा झाले. कुंथलगिरी, स्तवनिधी, बाहुबली अशा यात्राही झाल्या. सांगलीत उतरणे मात्र टळत राहिले, आणि ते का टळत होते हे अण्णांना पुरते ठाऊक होते.

एप्रिल 2024 चे दिवस होते. महावीर जयंती दोन आठवड्यांवर आली होती. खिशात एक पाकीट होते आणि पाकिटावर पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता.

सांगली हे नाव ‘सहा गल्ली’ यावरून पडले असे जुने लोक सांगतात. 1801 साली पटवर्धनांच्या मिरज संस्थानातून हे संस्थान वेगळे झाले आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनी कृष्णाकाठच्या या खेड्याला राजधानीचे रूप दिले. त्यांनी उभारलेले काळ्या पाषाणाचे गणपती मंदिर आजही शहराचे दैवत आहे. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथेच ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, म्हणून रसिक या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. व्यापाऱ्याला मात्र सांगली म्हटले की हळदच आठवते. गणपती मंदिरासमोरून निघणाऱ्या गणपती पेठेत एके काळी फाल्गुन-चैत्रात पाय ठेवायला जागा नसे. बैलगाड्या, पोती, हमाल, दलाल, गुजरातेतून आणि राजस्थानातून आलेले खरेदीदार, आणि या सर्वांवर बसलेली पिवळी धूळ. कारकुनांच्या टोप्या आणि वह्यांच्या कडादेखील पिवळ्या होत.

अण्णा 1975 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या पेठेतल्या एका आडत पेढीवर लागले. पेढीचे शेठजी गुजराती श्वेतांबर, अण्णा कोल्हापूरकडचे दिगंबर. शेठजींचे पर्युषण संपे तेव्हा अण्णांचे दशलक्षण सुरू होई. त्यामुळे भाद्रपदात पेढीवर एकामागून एक उपवास चालत आणि चहाचे आधण बरेच दिवस चुलीवर चढत नसे. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य आणि वाळलेले हळकुंड सुंठेप्रमाणे ग्राह्य, एवढ्या एका मुद्द्यावर शेठजी नव्या गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलू शकत. बोलता बोलता ते हळकुंड मोडत, त्याचा टणत्कार ऐकत आणि आतला रंग उजेडाकडे धरून पाहत. राजापुरी की सेलम, हे ते डोळे मिटून हाताने सांगत असत.

त्या काळी सौद्यात भाव तोंडाने बोलला जात नसे. रुमालाखाली हातात हात जाई, बोटे दाबली जात आणि भाव ठरे. शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या चेहऱ्यांकडे पाही. सौदा झाला की तोल, तोलानंतर पट्टी. किती पोती, प्रत्येकाचे वजन, एकूण वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि आडत वजा जाता देणे रक्कम. ती पट्टी लिहिणे हे अण्णांचे काम. त्यांचे अक्षर सुबक होते आणि शेठजींना त्याचा अभिमान होता.

स्टेशनवरून अण्णा थेट गणपती पेठेत गेले. पेठ वाहती होती, पण हळदीची राहिली नव्हती. घाऊक बाजार कधीच वसंतदादा मार्केट यार्डात गेला होता. जुन्या पेढीच्या जागेला कुलूप होते. ओट्याच्या दगडावर सुतळी ओढून ओढून पडलेली खाच तशीच होती. भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पाण्याची मळकट रेघ दिसत होती. कृष्णेची पातळी सांगलीकर आयर्विन पुलाच्या मोजपट्टीवर वाचतात. 1929 च्या या पुलापाशी 45 फूट म्हणजे धोका. 2005 साली पाणी त्याच्या बरेच वर गेले आणि 2019 साली ते 57 फुटांवर पोहोचले. रेघ कोणत्या पुराची, हे विचारायला तेथे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मार्केट यार्डात गेले. शेठजींचा नातू गाळ्यात संगणकापुढे बसला होता. अण्णांनी नाव सांगताच तो उठला आणि वाकून पाया पडला.

“या अण्णा, बसा. आजोबा तुमचं अक्षर आम्हाला दाखवायचे. म्हणायचे, असं लिहा.”

अण्णांना ते ऐकवेना. बाहेर लिलाव चालू होता, आता उघड बोलीचा. रुमाल गेला होता आणि शेतकरी भाव कानांनी ऐकत होता. ही गोष्ट चांगली झाली, असे अण्णा मोकळेपणाने म्हणाले. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे प्रमाणपत्र नातवाने भिंतीवर लावले होते. चहा आला. मग अण्णांनी जुन्या वह्यांची चौकशी केली.

“वह्या कुठल्या आता! पेठेतल्या माळ्यावर होत्या. 2005 ला पाणी शिरलं, सगळ्याचा लगदा झाला. तीन दिवस फावड्यानं काढत होतो.” क्षणभराने त्याने विचारले, “काही बघायचं होतं का?”

अण्णांना जे बघायचे होते ते 1979 च्या खतावणीतील एक पान होते. समडोळीच्या एका शेतकऱ्याची 38 पोती हळद त्या वर्षी विकली गेली. खरेदीदाराचे बिल 38 पोत्यांचे बरोबर झाले. शेतकऱ्याची पट्टी करताना मात्र अण्णांकडून एका पोत्याचे वजन सुटले आणि पट्टी 37 पोत्यांची गेली. दिवाळीला वह्या मिळवताना 412 रुपये जास्त निघाले. शोधता शोधता चूक सापडली. अण्णांची नोकरी तेव्हा चार वर्षांची होती, घरात बहिणीचे लग्न ठरले होते आणि शेठजींकडून उचल घ्यायची होती. चूक सांगण्याची ती वेळ नव्हे असे त्यांना वाटले. त्यांनी ती रक्कम कसर-वटाव खात्यास जमा केली. सुटे पैसे, बारीक फरक, घासाघीस यांचे ते खाते. तेथे कोणी खोलात पाहत नाही. वही मिळाली, शेठजींनी सही केली, लक्ष्मीपूजन झाले.

पुढच्या हंगामात समडोळीची गाडी पेढीवर आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक, म्हणजे मापात कमी-जास्त करणे. अण्णांनी माप कमी केले नव्हते आणि पैसा खिशातही घातला नव्हता. तरीही दर क्षमावाणीच्या दिवशी सर्वांना हात जोडताना त्यांना तो एक माणूस आठवे. ज्याची क्षमा मागायची त्याला सोडून बाकी गावाची क्षमा मागण्याचा हा प्रकार पंचेचाळीस वर्षे चालला होता.

हे सर्व त्यांनी नातवाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

“समडोळीचं गिऱ्हाईक का तुटलं, याचं आजोबांना शेवटपर्यंत वाटायचं,” तो म्हणाला. “आपल्या बोलण्यात काही आलं असेल, असं ते म्हणायचे.”

शेठजींचीही क्षमा मागायची राहिली होती, हे अण्णांना त्या क्षणी कळले. आजवर हिशेबात त्यांनी एकच धनको धरला होता.

त्यांनी पाकीट काढले. 412 रुपयांवर दरसाल दर शेकडा 8 ने 45 वर्षांचे चक्रवाढ व्याज धरून मुद्दलासह 13,151 रुपये होत होते. नातवाने आकडा पाहिला आणि तो व्यापारी माणसासारखा बोलला. रक्कम कसर खात्यातून पेढीच्या नफ्यात गेली, तेव्हा देणे पेढीचे. अण्णांनी मान्य केले नाही, कारण चूक त्यांची आणि लपवणेही त्यांचेच. दोघांत थोडा वाद झाला. शेवटी असे ठरले की मुद्दल पेढीने द्यायचे, कारण ते पेढीकडे राहिले. आणि विलंब अण्णांचा, म्हणून व्याजाचे 12,739 रुपये अण्णांनी द्यायचे. नातवाने गल्ल्यातून 412 रुपये मोजून पाकिटात घातले, तेवढेच अण्णांना परत दिले आणि गाडीची किल्ली उचलली.

वाटेत अण्णांच्या आग्रहाने ते आधी हरिपूरला गेले. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. हळदीच्या व्यापारात ते पेवांसाठी प्रसिद्ध होते. येथील जमीन घट्ट आणि कोरडी. तिच्यात दोन-तीन पुरुष खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे पेव खणायचे, आत पाल्याचा आणि गवताचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नसल्याने कीड लागत नाही. वर्षे गेली तरी हळकुंडाचा रंग उतरत नाही. गोदामात मालाला धुरी द्यावी लागते, औषध मारावे लागते. पेवात जीव मारण्याचा प्रसंगच येत नाही, याचे शेठजींना मोठे समाधान असे. पेव उघडणे मात्र जोखमीचे. तोंड उघडून आतली कोंडलेली हवा काही तास जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही.

2005 च्या पुरात या पेवांत पाणी शिरले आणि साठलेला माल कुजला. पुढे पेवांवरचा विश्वासच उडाला. हळद आता शीतगृहात आणि गोदामात जाते. नातवाने दाखवलेल्या जागी एक खळगा होता, त्यात बाभळीचे रोप उगवले होते. शेठजी येथे छत्री घेऊन उभे राहत आणि अण्णा पोत्यांच्या नोंदी करत. अण्णांनी तेथून एक ढेकूळ उचलले, हातात चुरले आणि टाकून दिले.

कृष्णा ओलांडून ते समडोळीला पोहोचले तेव्हा ऊन चढले होते. आचार्य शांतिसागर महाराजांना 1924 साली आचार्यपद मिळाले ते याच गावी. प्रसंगाला शंभर वर्षे होत असल्याचा उल्लेख मंदिरातल्या गृहस्थांनी आवर्जून केला. दर्शन घेऊन अण्णांनी घर विचारले. लोकांनी लगेच दाखवले.

तो शेतकरी जाऊन तीस वर्षे झाली होती. ओट्यावर बसलेला मुलगा आता साठीच्या पुढचा होता. त्याने पाणी दिले, पेढीचे नाव ऐकले आणि चेहऱ्यावर काही न दाखवता तो ऐकत राहिला. अण्णांनी काही वगळले नाही.

“ठाऊक आहे मला,” तो शांतपणे म्हणाला. “गाडीसंगं मीच आलो होतो त्या साली. अडतीस पोती मी भरलेली. आबांनी घरी येऊन पट्टी वाचली, दोनदा वाचली. म्हणाले, एवढी मोठी पेढी, ओळखीची माणसं, एका पोत्यासाठी जाऊन भांडायचं कशाला? पण पुढच्या सालापासनं गाडी दुसरीकडं घातली. आणि आम्हाला सांगून ठेवलं, पट्टी कुणाचीही असू दे, बेरीज आपण करायची.”

म्हणजे चूक कोणाच्या लक्षात आली नाही, ही अण्णांची समजूतही खोटी होती. माणसाने पाहिले होते, समजून घेतले होते आणि काही न बोलता पाठ फिरवली होती. अण्णांनी हात जोडले. “माझं चुकलं,” एवढेच ते म्हणू शकले.

तो काही बोलला नाही. ‘असू दे’ म्हणाला नाही आणि ‘राहू द्या’ असेही नाही. त्याने आतून मुलाला हाक मारली. मुलाने मोबाईलवर व्याजाचा हिशेब केला, आकडा बरोबर असल्याचे सांगितले. मग बापाने पाकिटातील नोटा ओट्यावर ठेवून मोजल्या, एकदा आणि पुन्हा एकदा. वहीचे पान फाडून त्याने पावती लिहिली. रकमेपुढे तपशिलात लिहिले : ‘38 व्या पोत्याचे, चुकते.’ आणि खाली सही केली.

“आता जेवूनच जायचं, अण्णा,” तो म्हणाला. “सूर्य मावळायच्या आत पोचाल पुण्याला, असं काही होत नाही.”

तिघे जेवायला बसले. पानात पातळ आमटी होती, हळदीने पिवळीधमक झालेली. हळद घरची नव्हती. समडोळीच्या त्या शेतात आता ऊस होता. घरात हळद बाजारातून येत होती, आणि यजमानाने हसत सांगितले की तीही ते वजन करूनच घेतात. नातू म्हणाला, पुढच्या खेपेला पेढीवर या, मी देतो. यजमानाने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. “बघू की,” एवढेच म्हणाला.

संध्याकाळी सांगली स्टेशनवर नातवाने अण्णांना राजापुरीची एक पुडी दिली. गाडी सुटल्यावर अण्णांनी पावती काढून वाचली, घडी घातली आणि टोपीच्या आत ठेवली. जुन्या पेढीवर महत्त्वाचा कागद ते असाच ठेवत असत.