गोळी भोसकते की ठेचते?

'बंदूक' हा शब्द आपल्याकडे फारसी-उर्दूतून आला, आणि तिथे तो अरबीतून आला. अरबीत 'बुन्दुक' म्हणजे एक लहान, गोल, कठीण कवचाचं फळ. त्याच्या आकारावरून मातीच्या वाळवलेल्या गोळीलाही 'बुन्दुका' म्हणू लागले. ही गोळी खास धनुष्यातून पाखरांवर मारायचे. आपल्या गलोलीची थोरली बहीण म्हणा. फिक्हच्या जुन्या किताबांत 'बुन्दुकाने मारलेलं पाखरू' असा मसला येतो तेव्हा तिथे बारूद नसते, आवाज नसतो. असते ती फक्त मातीची गोळी.

त्या गोळीबद्दलचा हुकूम साफ आहे. पाखरू जिवंत हाती लागलं तर जबह करून खा, गोळीच्या माराने मेलं तर खाऊ नका. कारण गोळी कापत नाही, ठेचते. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत हराम जनावरांची यादी आहे, तिच्यात 'मौकूजा' येते, म्हणजे माराने मेलेलं जनावर. हातिमताईची दानत उर्दूच्या पुस्तकांत आपण सगळ्यांनी वाचली आहे. त्याच हातिमचे चिरंजीव हजरत अदी शिकारीचे शौकीन होते. त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांना 'मिअराज' या जड, पिसं नसलेल्या बाणाबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा: धारेने लागून भोसकलं तर खा, आडवा लागून मेलं तर खाऊ नकोस. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही रिवायत आहे.

एवढं सगळं मी उकरून काढलं ते माझ्या मामेभावामुळे. तो कॅलिफोर्नियात असतो आणि तिथल्या कायद्याने परवाना आणि टॅग घेऊन वर्षातून एकदा हरणाच्या शिकारीला जातो. मुमानी त्याच्याकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "गोळीनं मेलं की तू जबह केलंस?" तो म्हणाला, "चाप ओढताना बिस्मिल्लाह म्हटलं होतं, अम्मी. मी पोहोचलो तेव्हा संपलं होतं." मुमानींनी त्या मांसाला हात लावला नाही. रात्री त्याचा मला फोन. "आपा, तू किताबं वाचतेस. सांग, मी हराम खातोय का?"

मी मुफ्ती नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण शब्द नीट उलगडून दाखवणं माझं काम आहे, म्हणून त्याला म्हटलं, तुझी गोळी नेमकी कशी आहे ते आधी मला समजाव.

त्याच्याकडे जी रायफल आहे ती पाश्चात्त्य सिनेमांत घोडेस्वारांच्या हाती दिसते तशी. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घेतली की नवं काडतूस नळीत चढतं. काडतूस '.45-70'. मूळचं 1873 सालचं, अमेरिकी लष्कराचं. 45 म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभरात 45 भाग. 70 म्हणजे त्यात भरायची काळी दारू, 70 ग्रेन. मूळची शिशाची गोळी होती 405 ग्रेनची. आपला जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची! सोनाराच्या काट्यावर ठेवली तर डोळे विस्फारतील.

ही काडतुसं तो घरीच भरतो. तिकडे त्याला परवानगी आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शौकाची शिकारही संपली, तेव्हा इथे कुणी मनात आणू नये. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून मापात आणायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत आवळायचं. (मराठीत बंदुकीचीही 'दारू'च म्हणतात, त्यामुळे "भाईजान रात्री दारू मोजत बसतात" हे वाक्य आमच्या घरात फार गाजलं. फारसीत दारू म्हणजे औषध, हे सांगून मी त्याची अब्रू वाचवली.)

गोळी निवडताना पहिली अट या रायफलच्या बांधणीतूनच येते. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, रांगेत झोपलेली असतात. मागच्या काडतुसाचं नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे थेट टोपीला टेकतं. नाक टोकदार असेल तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने तेच टोक टोपीवर आदळून आतल्या आत काडतूस फुटू शकतं. म्हणून अशा रायफलीत सपाट नाकाची गोळी. अलीकडे मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्याही मिळतात, पण कठीण टोक चालत नाही.

दुसरी अट कायद्याची. शिशाचे कण मांसात राहतात आणि ते खाऊन गिधाडं मरतात, म्हणून कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. त्यामुळे तो तांब्याची, सपाट नाकाची गोळी घेतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि नळीतून जाताना जास्त अडते. शिशाच्या गोळीसाठी दिलेलं दारूचं माप तिला लावलं तर दाब भलताच चढू शकतो. प्रत्येक गोळीचं माप तिच्याच तक्त्यातून घ्यायचं.

दारूची निवड तर त्याहून नाजूक. आजची बिनधुराची दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस, दोघींची मापं एकमेकींना लागू नाहीत. तिच्यातही झपाट्याने जळणाऱ्या आणि सावकाश जळणाऱ्या जाती आहेत. नळी रुंद असली की गोळी थोडी सरकताच मागची जागा पटकन वाढते आणि दाब उतरतो. फार सावकाश जळणारी दारू मग पुरती जळतच नाही, आणि फार झपाट्याची सुरुवातीलाच दाब टोकाला नेते. म्हणून मधली घ्यायची. त्यातही तो पुंगळी बरीचशी भरेल अशी फुगीर दारू निवडतो. थोडक्यात काम भागवणारी दारू चुकून दोनदा घातली तरी पुंगळीत मावते आणि डोळ्याला कळत नाही. फुगीर दारू दुसऱ्यांदा घातली की बाहेर सांडते.

याच काडतुसासाठी भरणीच्या पुस्तकांत तीन वेगवेगळे तक्ते असतात: 1873 च्या जुन्या रायफलींसाठी सौम्य, कडीवाल्या आधुनिक रायफलींसाठी मधला, आणि मजबूत एकबारी रायफलींसाठी जोराचा. काडतूस दिसायला एकच, पण तिसऱ्या तक्त्यातलं जुन्या रायफलीत घातलं तर रायफल फुटेल आणि चालवणाराही जाईल. "म्हणून आपा, टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवतो, आणि भरताना फोन बंद."

आता मूळ प्रश्न. दमास्कसचे हनफी आलिम इब्न आबिदीन (मृत्यू 1836) म्हणतात, शिशाच्या गोळीला धार नसते, ती जाळून आणि जोराच्या धक्क्याने मारते, म्हणून तिने मेलेलं हलाल नाही. येमेनचे शौकानी (मृत्यू 1834) म्हणतात, गोळी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघते, हे भोसकणंच आहे, म्हणून बिस्मिल्लाह म्हणून मारलेलं हलाल. दोघांचा काळ एकच, दोघांच्या समोरची बंदूकही साधारण सारखीच. हदीसही तीच. एकाने गोळीचा आकार पाहिला, दुसऱ्याने जखम पाहिली. आजचे काही हनफी मुफ्ती टोकदार गोळीला बाणाच्या रांगेत बसवतात. पण माझ्या भावाच्या रायफलीत कठीण टोक घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि त्याची सपाट नाकाची तांब्याची गोळी हरणाच्या छातीतून आरपार जाते, जनावर रक्तस्रावाने मरतं. आकार पाहिला तर बोथट, जखम पाहिली तर भोसकलेली. मुमानी पहिल्या बाजूला उभ्या आहेत, त्यांचा मुलगा दुसऱ्या. मला दोघांपैकी कुणालाही बेदीन म्हणता येत नाही.

मग त्याने एक तोडगा काढला. "आपा, दारूच थोडी कमी केली तर? गोळी आरपार जाणार नाही, हरीण पडेल पण जिवंत असेल. मी धावत जाऊन जबह करीन. अम्मीपण खातील."

इथे मात्र मी थांबले नाही. म्हटलं, हे करू नकोस. सही मुस्लिममध्ये हदीस आहे, तिचा आशय असा की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे चांगुलपणाने काम करणं, फर्ज केलं आहे. जबह करताना सुरी धारदार करा, जनावराला आराम द्या. बोथट सुरी चालत नाही, तर मुद्दाम कमजोर केलेली गोळी कशी चालेल? जखमी हरीण पडेलच असं नाही. ते पळेल, झाडीत शिरेल, रात्रभर तडफडेल आणि तुला सापडणारही नाही. मसल्यातली शंका मिटवायला जनावराच्या वेदना वाढवायच्या, हा सौदा कुठल्याच इमामाने सांगितलेला नाही.

त्याने ऐकलं. दारू तक्त्याप्रमाणेच राहिली. नेम खात्रीचा नसेल इतक्या लांबून तो बार टाकत नाही. कंबरेला सुरा असतो, आणि हरणात जीव असेल तर पहिलं काम जबह. मसल्यासाठी तो तिथल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेला. ते मारफाड न करता म्हणाले, तू ज्या मतावर आहेस त्यावर राहा, पण दुसऱ्याला न सांगता खाऊ घालू नकोस.

तेव्हापासून मांसाच्या प्रत्येक पुडीवर तो तारखेखाली एक शब्द लिहितो, 'जबह' किंवा 'गोळी'. ज्याने त्याने वाचावं आणि आपलं ताट आपण वाढून घ्यावं.