पडद्यावरची आगगाडी

आमचे नाना रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. त्यामुळे त्यांच्याबरोबर सिनेमा पाहणे ही एक शिक्षाच असे. ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) आम्ही कात्रपमध्ये शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. ब्रेक निकामी झालेली गाडी बेफाम सुटली, आम्ही पोरे श्वास रोखून बसलो, आणि नाना मोठ्याने म्हणाले, “अहो, व्हॅक्यूम गेला की गाडी थांबते! सुटेल कशी?” त्यांचे खरेच होते. नळीत हवा शिरली की त्या ब्रेकची पकड चाकांवर आपोआप बसते. साखळी ओढल्यावर होते तेही हेच. पण हे ज्ञान घ्यायला शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावले नव्हते!

‘शोले’मधली (१९७५) मालगाडी पनवेलच्या बाजूची, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा (१९९५) शेवट त्याच भागातल्या आपटा स्टेशनातला. नाना ते रूळ ओळखत आणि पुटपुटत, “यांच्या गाड्या हव्या तिथे थांबतात.” मला तो त्यांचा हेका वाटे.

भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती शेकडो मीटर धावतच राहते, हे मला पुढे कळले. एका रात्री नाना ड्यूटीवरून आले, पानावर बसले आणि घास न घेताच उठले. आईने आम्हाला खुणेने गप्प केले. कितीतरी रात्री ते ओसरीवर जागत बसत. काय घडले ते त्यांनी कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

१७ एप्रिल २०२१ रोजी, आमच्या बदलापूरच्या पुढच्याच वांगणी स्टेशनात, डोळ्यांनी अधू असलेल्या आईबरोबर चाललेले पोर फलाटावरून रुळांवर पडले. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्याच दिशेने धावले, पोराला फलाटावर चढवले, स्वतः कसेबसे वर आले, तोच गाडी धडधडत गेली. स्टेशनातल्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले. संगीत नाही, संवाद नाही. यात तरी नानांना खोट सापडणार नाही, अशा गमतीने मी ते त्यांना मोबाइलवर दाखवले.

नानांनी ते दोनदा पाहिले. “भला माणूस,” म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

“अगं, आणि तो इंजिनातला? त्याला त्या रात्री जेवण गेलं असेल.”