टोचणाऱ्या क्रियापदांविषयी

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘पिअर्स’ हा शब्द काढून पाहिला की त्याच्यापुढे टोचणे, भोसकणे, भेदणे, विंधणे अशी शब्दांची रांगच उभी दिसते. ‘प्रिक’ काढावा, तर टोचणे पुन्हा हजर. ‘स्टॅब’पुढे भोसकणे, ‘पंक्चर’पुढे भोक पाडणे, आणि जाता जाता आणखी एकदा टोचणे! विद्यार्थी बिचारा यांतला जो शब्द हाती लागेल तो उचलतो आणि निबंधात बसवतो. मग कुणाच्या पायाला काटा ‘स्टॅब’ करतो, तर कुठे शिकाऱ्याचा भाला रानडुकराला नुसताच ‘प्रिक’ करून थांबतो.

यात कोशकाराला बोल लावण्याचे कारण नाही. एका ओळीत जेवढे सांगता येते तेवढे तो सांगतो. शस्त्र कोणते, हात कुणाचा आणि घाव किती खोल, हे सांगण्यास त्याच्यापाशी जागा नसते. इंग्रजीतील या क्रियापदांमधला सारा भेद मात्र नेमका याच गोष्टींत आहे, आणि त्यांचे लाक्षणिक अर्थही तेथूनच निघाले आहेत. मूळ कृती डोळ्यांपुढे आणल्यावाचून लाक्षणिक अर्थ पाठ करू जाणे, हा वेळेचा अपव्यय होय.

इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा वध झाला. त्याच्या देहावर २३ जखमा होत्या, आणि अँटिस्टियस नावाच्या वैद्याच्या मते त्यांतली एकच, छातीवर बसलेली दुसरी, प्राणघातक होती, असे सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. सीझरवर हे जे २३ वार झाले, ती ‘स्टॅब’ची कृती. त्यात आखूड, टोकदार शस्त्र आहे, ते पेलणारा हात आहे आणि त्या हाताला पुढे लोटणारी इच्छाही आहे. काट्याला हातही नाही आणि इच्छाही नाही, म्हणून तो ‘स्टॅब’ करू शकत नाही. ‘पिअर्स’ची दृष्टी निराळी. हात कुणाचा याची तो फारशी चौकशी करीत नाही. टोक आत गेले की नाही, एवढेच पाहतो. म्हणून ‘स्टॅब’ला ‘ॲट’ हे अव्यय जोडता येते. वार केला, पण तो बसला की हुकला हे त्यातून कळत नाही. ‘पिअर्स’ला ही सवलत नाही. ‘हॅव अ स्टॅब ॲट’ म्हणजे एकदा प्रयत्न करून पाहणे, हा अर्थ कोठून आला असेल, हे आता वेगळे सांगावयास नको. पाठीत खंजीर खुपसणे हा वाक्प्रचार तर इंग्रजीत आणि मराठीत जणू एकाच साच्यातून निघालेला आहे, आणि दोन्हीकडे त्यात हात महत्त्वाचा. तो हात मित्राचा असतो.

‘प्रिक’ हे सुईच्या अग्राचे काम. रक्ताचा एखादा थेंब दिसतो आणि झाले. इतक्या लहानशा जखमेला इंग्रजांनी सदसद्विवेकबुद्धीच्या कामी लावले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. चौदाव्या शतकात ‘द प्रिक ऑफ कॉन्शन्स’ या नावाचे एक दीर्घ धार्मिक काव्य इंग्लंडात लिहिले गेले. त्याच्या शंभराहून अधिक हस्तलिखित प्रती आजही टिकून आहेत. आपणही मनाला टोचणी लागली असेच म्हणतो. घाव पडला असे म्हणत नाही. सुईचा दंश मारीत नाही, पण स्वस्थ बसूही देत नाही.

येथे एक फसवी जागा आहे. ‘प्रिक अप युअर इअर्स’ म्हणजे कान टोचून घेणे नव्हे! कुत्र्याचे कान जसे उभे राहून टोकदार होतात, तसे कान टवकारणे. आपल्याकडे कान टोचणे म्हणजे खडसावणे, आणि ते सोनारानेच टोचावे अशी म्हण आहे. दागिन्यासाठी कान टोचायचे, तर इंग्रजीत ‘पिअर्स’च हवे, कारण पाळीच्या पलीकडे छिद्र उघडल्यावाचून तेथे डूल अडकत नाही.

‘पंक्चर’चे घराणे मोठे आहे. लॅटिनमधील ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे, या धातूपासून तो आला. पॉइंट, विरामचिन्हांचे पंक्चुएशन आणि वक्तशीर या अर्थाचा पंक्चुअल, ही सारी त्याची भावंडे. सायकल ‘पंक्चर’ झाल्यामुळे ‘पंक्चुअल’ राहता आले नाही, अशी सबब जो विद्यार्थी देतो तो नकळत एकाच कुळातील दोन शब्दांची भेट घडवून आणीत असतो. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून हा शब्द रस्त्यारस्त्यावर आला. आपण तो उचलला, पण स्वतःच्या रीतीने. इंग्रज पंक्चर दुरुस्त करतो. आपण पंक्चर काढतो, जणू तो पायातला काटाच! ‘पंक्चर’च्या वस्तूत हवा किंवा पाणी कोंडलेले असावे लागते. म्हणून इंग्रजीत गर्व पंक्चर होतो, प्रौढी पंक्चर होते. दुःख कधीही पंक्चर होत नाही, कारण ते पोकळ नसते.

‘पिअर्स’च्या लाक्षणिक अर्थाकडे वळताना प्रथम थंडी घ्यावी. आपली थंडी बोचते, म्हणजे कातडीपाशी घुटमळते. इंग्रजी वारा ‘पिअर्स’ करतो, म्हणजे कोट ओलांडून हाडांपर्यंत पोचतो. किंकाळी शांततेला, प्रकाश अंधाराला आणि नजर माणसाला ‘पिअर्स’ करते. सर्वत्र मध्ये एक पडदा असून तो फाटतो. आपल्या ‘वेध’ शब्दातही भेदण्याचाच मूळ धातू आहे. अर्जुनाने मत्स्यवेध केला, ज्योतिषी ग्रहांचे वेध घेतात, आणि मे महिना जवळ आला की वर्गाला सुट्टीचे वेध लागतात.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने चतुर्थीवर इंग्रजी निबंध लिहिला. तिचे वडील बोटीवर नोकरीला. सणाला येता येणार नाही असा त्यांचा फोन आला, आणि ती बातमी आईला ‘प्रिक’ झाली, असे तिने लिहिले होते. घरी कोंकणीत ती ‘तोपता’ म्हणत असणार. तोच शब्द मराठीतून टोचत टोचत इंग्रजीपर्यंत आला होता. तेथे ‘पिअर्स’ लिहून मला पुढे जाता आले असते. परंतु त्या घरातील दुःखाचे माप माझ्यापाशी नव्हते. मी समासात फक्त विचारले, “किती खोल?” आणि वही परत दिली.

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. ‘प्रिक’ खोडलेला होता. त्यावर ‘पिअर्स’ लिहून तोही खोडला होता. खाली साध्या इंग्रजीत एवढेच होते, की आई “बरे” म्हणाली, फोन खाली ठेवला आणि पुन्हा माटोळी बांधू लागली. ‘माटोळी’ला इंग्रजी शब्द कोणता, असे तिने मला विचारले. मी म्हटले, तो तसाच राहू दे.