हवाईकडची पाहुणी

ही आली की आधी थंडी पळते. ऐन जानेवारीत कॅलिफोर्नियाची हवा एकाएकी ऊबदार, दमट होते, दक्षिणेचा वारा सुटतो आणि पाऊस लागतो. लागतो तो लागतोच. हवामानशास्त्रात हिचं नाव 'वातावरणीय नदी'. हवाई बेटांच्या बाजूनं येणारीला कॅलिफोर्नियातले लोक लाडानं 'पायनॅपल एक्स्प्रेस' म्हणतात.

अंगकाठी शिडशिडीत. रुंदी चार-पाचशे किलोमीटर, लांबी मात्र दोन हजारांच्या पुढे. उंचीनं बेताची, बहुतेक ऐवज समुद्रापासून तीनेक किलोमीटरच्या आतच. पण मिसिसिपी मुखाशी जेवढं पाणी समुद्रात ओतते, साधारण तेवढं पाणी हिची एखादी मध्यम बहीण वाफेच्या रूपात वाहून नेते. आणि वाफ काही दिसत नाही. दिसतात ते ढग.

'नदी' या शब्दाला माझी जरा कुरकुर आहे. हवाईजवळ निघालेली वाफच सॅन फ्रान्सिस्कोला उतरते, असं या नावामुळे वाटतं. तसं होत नाही. शीत आघाडीच्या पुढ्यात धावणारे जोरकस वारे आजूबाजूची वाफ गोळा करत जातात. काही वाटेतच पावसात गळते, तिच्या जागी नवी येते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पालखी एकच असते, पण माणसं गावोगाव जोडली जातात आणि सुटतात, तसंच. मी तिला दिंडी म्हटलं असतं. पण नाव ठेवलं १९९०च्या दशकात अमेरिकेत, न्यूएल आणि झू या शास्त्रज्ञांनी. त्यांना वारी कुठून ठाऊक असणार!

समुद्रावर असेतो तिचा कुणाला त्रास नाही. आडवा डोंगर आला की बाई मोकळी होते. सिएरा नेवाडा चढताना हवा गार पडते, वाफेचं पाणी होतं, आणि पलीकडचं नेवाडा राज्य कोरडंच राहतं. महाबळेश्वर चिंब आणि माण-खटाव तहानलेले, तोच हिशेब. फरक एवढाच, की सिएराच्या माथ्यावर बर्फ असतं. ही उबदार असल्यामुळे कधी कधी त्या बर्फावर पाऊस पडतो, आणि मग पावसाचं नि वितळलेल्या बर्फाचं पाणी एकदमच खाली उतरतं.

तरी तिला 'येऊ नकोस' म्हणायची सोय नाही. कॅलिफोर्नियाच्या वर्षाच्या पावसा-बर्फातला तिसरा ते निम्मा हिस्सा असल्या मोजक्या फेऱ्यांतूनच येतो. म्हणून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी एक ते पाच अशी पट्टी केली. एक म्हणजे बहुतेक लाभच, पाच म्हणजे बहुतेक नुकसानच. दर्जा आधी वाफेच्या जोरावरून ठरतो. मुक्काम २४ तासांच्या आत आटोपला तर एक पायरी खाली, ४८ तासांवर गेला तर एक पायरी वर. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई! आपल्या आज्यांनी हे उपकरणांशिवाय मांडलं होतं.

१८६१च्या डिसेंबरात मात्र एकीमागून एक पाहुण्या आल्या, त्या सहा-सात आठवडे येतच राहिल्या. १० जानेवारी १८६२ला लेलंड स्टॅनफर्ड गव्हर्नरपदाची शपथ घ्यायला सॅक्रामेंटोत होडीतून गेले. परतले तेव्हा पाणी इतकं चढलं होतं, की घरात खिडकीतून शिरावं लागलं म्हणतात. विधिमंडळानं गाशा गुंडाळून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. अलीकडे, तीन वर्षांच्या कडक दुष्काळानंतर, २०२२च्या नाताळापासून तीन आठवड्यांत नऊ जणी येऊन गेल्या. पुढच्या वसंतात तुलारे हे कधीच आटवून शेती केलेलं तळं आपल्या जुन्या जागेवर पुन्हा येऊन बसलं, पिकांसकट.

आता ती किनाऱ्याला लागायच्या आधीच तिची विचारपूस होते. हिवाळ्यात विमानं प्रशांत महासागरावर जाऊन तिला आडवी छेदतात. आतला माणूस हातभरही नसलेली पुठ्ठ्याची नळी खाली सोडतो. छोटीशी छत्री उघडते, आणि तापमान, दमटपणा, दाब, वारा असं सगळं वर कळवत नळी त्या न दिसणाऱ्या प्रवाहातून उतरत जाते. काही मिनिटांत समुद्र. तोवर विमानातून पुढची सुटलेली असते.