घासण्याआधी

गेल्या खंडेनवमीला सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि अंगणातून आवाज आला. खर्र, खर्र. आवाज भांडी घासण्याचा, पण अंगणात भांडी नव्हती, गाडी होती. गॅस बंद करून तशीच बाहेर धावले. भाचा बाबांच्या फियाटच्या पुढच्या बंपरपाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात तारेची घासणी होती. "आत्या, किती गंज चढलाय बघ. पूजेआधी चकाचक करून देतो." मी त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तो दचकलाच. पोरानं मनापासून काम काढलं होतं, त्याला काय बोलणार? बंपरच्या डाव्या टोकाला वीतभर ओरखडे उठले होते. मधला भाग वाचला होता. माझ्या जिवात जीव आला तो त्यामुळे, कारण त्या मधल्या भागात आई आहे.

दिवे घाट. उन्हं चढलेली, खाली मस्तानी तलाव. आम्ही पुण्याहून जेजुरीला निघालो होतो आणि घाटात रेडिएटर उकळला. बाबांनी बॉनेट उघडलं, कळशीतलं पाणी हाताशी घेतलं आणि इंजिन निवण्याची वाट बघत उभे राहिले. मी मागच्या सीटवर होते. मांडीवर डबा, डब्यात लाल फडक्यात गुंडाळलेले देवाचे टाक. ते खंडोबाच्या भेटीला निघाले होते, म्हणून डबा खाली ठेवायचा नाही अशी मला ताकीद होती. आई उतरली, पुढं जाऊन बंपरसमोर बसली, पदराच्या टोकानं त्याचा मधला भाग पुसला आणि त्यात बघून बोटानं कुंकू सारखं केलं. मग तशीच बसून राहिली.

घडलं ते एवढंच. माझं लहानपण आठवायला बसलं की मात्र पहिल्यांदा हेच पुढं येतं.

गाडी १९६८ची, फियाट ११०० डिलाइट. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून बाबांनी सेकंडहँड घेतली. आधीची गोल पाठीची फियाट, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणत, ती आमच्या आळीत एकांकडे होती. आमची तिच्यानंतरची, सरळ रेघांची. फियाट मूळची इटलीतल्या तुरीनची, पण आमची जन्मली कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, तिच्या कारखान्यात. हीच गाडी १९७२ साली प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी होऊन मुंबईभर धावली. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली आणि संध्याकाळी अंगणात जाऊन आमच्या गाडीच्या बंपरवर नुसता हात ठेवला.

बंपर लोखंडी पत्र्याचा. त्यावर आधी तांबं, तांब्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोम. आपण म्हणतो क्रोमचा बंपर, पण राखण करतं ते निकेल. वरचं क्रोम माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतं. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आणि छिद्रं असतात. तिथून ओल आत झिरपते, खालचं लोखंड गंजतं आणि तपकिरी ठिपका होऊन वर येतं. क्रोम स्वतः गंजत नाही. ते तारेहून कठीण असतं, पण ठिपक्यांभोवती त्याची पकड सुटलेली असते आणि घासणीत अडकलेली माती कानशीसारखी चालते. माझ्या भाच्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही कुठं कुणी सांगितलं होतं?

या धातूचा शोध १७९७ साली पॅरिसमध्ये लागला. वोक्लँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला सायबेरियातून आलेल्या एका लाल-केशरी खनिजात तो सापडला. त्याचे क्षार इतक्या रंगांचे निघाले, की रंगाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं, क्रोम. पाचूचा हिरवा रंगही याच्यामुळे असतो, हे त्यानंच दाखवलं. माणकाचा लालही याचाच. आणि हाच धातू बंपरवर चढला की त्याला स्वतःचा म्हणून रंग उरत नाही. समोर येईल त्याचं रूप तो धरतो. त्या दिवशी घाटात त्याच्यासमोर आईचं कुंकू आलं.

आई तिथं का बसून राहिली, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आमच्या घरात एकच आरसा होता. बाबांना दाढी करायला सोयीचा पडावा म्हणून त्यांच्या उंचीवर खिळा ठोकून टांगलेला. आई ठेंगणी. त्यात तिला केसांचा भांग दिसायचा, फार तर कपाळ. कुंकू ती अंदाजानं लावायची. तो आरसा चार बोटं खाली घ्यावा हे आमच्यापैकी कुणालाही कधी सुचलं नाही. घाटातल्या त्या बंपरमध्ये तिला तिचा सगळा चेहरा दिसला. बाकदार पत्र्यात थोडा पसरट दिसला असेल, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा.

म्हणूनच मागचा बंपर गेल्याचा सल माझ्या मनातून जात नाही. वीस वर्षांपूर्वी तो एका कारागिराकडे नव्यानं प्लेटिंगला दिला. नव्यानं करायचं तर जुना मुलामा आधी ॲसिडमध्ये उतरवतात, मग पत्रा बफवर धरून घासतात, खड्डे भरतात, मग पुन्हा तांबं, निकेल, क्रोम. परत आला तेव्हा आरशासारखा लखलखत होता. पण मधून गेलेली धारदार घडी बफनं गोल करून टाकली होती, आणि उजव्या कोपऱ्यातला पोचा, मी पहिल्यांदा गाडी मागं घेताना फाटकाला लागून पडलेला, तोही गेला होता. निकेलच्या थरात हात आखडता घेतलेला असणार, कारण दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले. खोटं काम झालं याचा राग कधीच निवला. पोचा विचारल्याशिवाय काढला, हा राग अजून आहे.

पण घासून माया करणारी माणसंही मी पाहिली आहेत. डब्यातले ते टाक चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवून घडवलेले. आजी दर सणाला ते रांगोळीनं घासून उजळायची, तिच्याआधी तिची सासू. आज खंडोबाचं नाक राहिलेलं नाही. घोड्याचे पाय पत्र्यात विरून गेलेत. म्हाळसा कोणती हे केवळ जागेवरून ओळखायचं. पिढ्यांच्या भक्तीनं देवांचे चेहरे पुसले. प्रत्येक वेळी आलेली झळाळी त्या चेहऱ्यांतूनच निघाली होती. भाऊ म्हणतो, सोनाराकडून नवे घडवून घेऊ. रीतीप्रमाणे घ्यावेच लागतील. पण या झिजलेल्या चांदीवर आजीची बोटं आहेत, ती नव्या टाकांवर कुठून येणार?

भाच्याला मी त्या दिवशी शेजारी बसवून घेतलं. आधी साधं पाणी भरपूर ओतायचं, म्हणजे मातीचा कण राहत नाही. मग मऊ फडकं. गंजाच्या ठिपक्यावर पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ, ते गंज घेतं, क्रोमला धक्का लावत नाही. ठिपका गेला नाही तर राहू द्यायचा. कोरडं पुसून मेणाचा पातळ हात द्यायचा. आणि बंपरची मागची बाजू, जी कुणी बघत नाही, तिथं चिखल साचू द्यायचा नाही आणि तेल लावून ठेवायचं, कारण अर्धा गंज तिथूनच येतो. त्यानं सगळं नीट केलं. शेवटी विचारलं, "मग हे डाग असेच ठेवायचे?" मी हो म्हटलं.

तुमच्याही घरात जुनं काही असेल. समई असेल, कडी-कोयंडा असेल, एखाद्या गाडीचा बंपर असेल. उजळायला घ्याल तेव्हा फडकं मऊ घ्या, हात हलका ठेवा. आणि घासण्याआधी त्यात कोण कोण बघून गेलं होतं ते एकदा आठवा.

आमच्या पुढच्या बंपरवर आज सतरा ठिपके आहेत. मधल्या भागात एकही नाही.